भित्र्या सिस्टरचा वॉर्ड

इंगोलेसिस्टरना कुत्र्यांची भीती वाटायची. हे सांगितलं की ऐकणारा हसतो, कारण बाभुळगावात त्यांचं घर विचारलं तर लोक "त्या कुत्र्यायच्या सिस्टर काय?" असंच म्हणत. त्यांच्याकडे कधी चार, कधी सहा कुत्री असत आणि त्यातलं एकही धड नसे. पण भीती खरी होती. तीन वर्षं मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो आणि ती भीती रोज पाहिली.

मी तिथल्या शाळेवर बदलून गेलो, तो पहिलाच आठवडा. सकाळी सात वाजता भिंतीपलीकडून आवाज यायचा. "बसा हो. बसा ना जरासे. मी काई करून नाई राह्यली तुमाले. बारीक सुई हाये, समजत बी नाई." मला वाटलं, घरात कुणी म्हातारे सासरे असतील, आजारी. तीन-चार दिवसांनी कपडे वाळत घालताना सहज पलीकडे डोकावलो, तर सिस्टर उकिडव्या बसलेल्या आणि समोर एक पांढरं, झिपरं पॉमेरियन. त्याच्या तोंडाला दवाखान्यातली पट्टी गुंडाळलेली. सिस्टरच्या हातात सुई, आणि तो हात थरथरत होता. सुई टोचायच्या क्षणी मात्र थरथर थांबली. टोचून झाल्यावर पुन्हा सुरू झाली.

"त्यांना अहो म्हणता?" मी नंतर विचारलं.

"चावू शकते ना ते," सिस्टर म्हणाल्या. "मंग अरे-तुरे कशी करू?"

बुटक्या, किडकिडीत बाई. साठी ओलांडलेली. आरोग्य केंद्रात नर्स म्हणून सारी नोकरी गेली, तीही बहुतेक आडगावांत. नवरा लवकर गेला होता. मनगटावरचं घड्याळ त्या आतल्या बाजूला बांधायच्या, नाडी मोजताना बरं पडतं म्हणून, आणि ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. मागच्या पडवीत त्यांनी जुन्या बाजांवर गोणपाट टाकून कुत्र्यांना जागा केल्या होत्या. कुत्र्यांना नावं नव्हती. बाजांना नंबर होते. "एक नंबरले शुगर हाये. दोन नंबरची पाठ मोडली, लघवी दाबून काढा लागते. चार नंबरले झटके येतात." प्रत्येक बाजेशेजारी खिळ्याला एक कागद लटकवलेला, त्यावर रोजचा ताप, खाणं, लघवी, शी. वॉर्डच होता तो.

कुठल्याही कुत्र्याला हात लावण्याआधी त्या तीन गोष्टी करत. त्याच्या शेपटीकडे बघत. तोंडाला पट्टी बांधत. आणि मागे वळून दार उघडं आहे की नाही ते पाहत. "पळाची वाट पायजे," असं म्हणत. चार नंबरच्या कुत्रीला झटका आला की ती बेशुद्ध असताना सिस्टर तिच्या डोक्याखाली चादरीची घडी सरकवत, आणि ती शुद्धीवर येऊ लागली की उठून दाराशी जाऊन उभ्या राहत. कारण झटक्यातून उठलेलं जनावर क्षणभर कुणालाही ओळखत नाही. तिचे डोळे स्थिर होईपर्यंत त्या दाराशीच असत. मग परत जाऊन तिचं तोंड पुसत.

हे सगळं सुरू कसं झालं, ते त्यांनीच मला सांगितलं. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी फाटक उघडायला गेल्या, तर फाटकाला हे पॉमेरियन बांधलेलं. गळ्यात पिशवी. पिशवीत इन्सुलिनची बाटली, आठ-दहा सुया आणि एक चिठ्ठी. 'तुम्ही नर्स आहात. आमच्याकडून होत नाही. सकाळ-संध्याकाळ चार-चार युनिट.' खाली नाव नव्हतं.

"दोन तास मी आतून पाहत होती आन् ते बाहेरून पाहत होतं," सिस्टर म्हणाल्या. "म्हटलं, कोणी नेईल. कोणी तं येईल. ऊन चढलं. त्याची मान खाली जाऊन राह्यली होती. मले माहीत होतं ना सर, सुई नाई भेटली तं काय होते ते. ते दुसऱ्या कोणाच्या फाटकाले बांधलं असतं तं त्या माणसाले माहीतच नसतं. मले माहीत होतं."

पहिली सुई त्यांनी फाटकाच्या गजांमधून दिली. दुपारी. कुत्रं बाहेर, त्या आत. भाकरीचा कुस्करा आधी झाऱ्याने पुढे सरकवला होता. संध्याकाळची सुई देताना फाटक उघडलं. इन्सुलिन थंड ठेवायला हवं आणि तेव्हा दिवसभर वीज जायची, म्हणून बाटली प्लास्टिकच्या डब्यात घालून तो डबा पाण्याच्या माठात सोडला. मी राहायला गेलो तेव्हाही एक माठ इन्सुलिनचाच होता, त्यातलं पाणी कुणी प्यायचं नाही.

मग गावात झालं, की सिस्टर कुत्री घेतात. यवतमाळहून लोक गाडी घेऊन येत. आंधळं झालेलं, कंबर गेलेलं, गाठ आलेलं जातिवंत कुत्रं फाटकाशी सोडून निघून जात. काही निदान हात तरी जोडत.

मी एकदा विचारलं, "सिस्टर, एवढी भीती वाटते तर ती आली कुठून? लहानपणी चावलं होतं का?"

त्या दोन नंबरचं पोट दाबत होत्या. ते पूर्ण संपवलं. हात धुतले, घड्याळात बघत धुतले, आणि पायरीवर बसून सांगितलं.

नोकरीची सुरुवात होती. मारेगावच्या बाजूला एका खेड्यातल्या केंद्रात होत्या. एक मजूर आणला. तीन महिन्यांपूर्वी त्याला कुत्र्याचं पिल्लू चावलं होतं, एवढंसं, म्हणून त्याने इंजेक्शन घेतलं नव्हतं. आता पाणी पाहिलं की त्याचा गळा आवळायचा. पंख्याची हवा लागली तरी. सिस्टरनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. डॉक्टर जिल्ह्याला नेण्यासाठी गाडी शोधायला गेले होते.

"तो वेडा नव्हता, सर. लोकायले वाटते, माणूस कुत्र्यासारखा भुंकते. तसं काई नसते. तो चांगला बोलत होता. मले म्हणे, बाई, मी तुले चावीन काय? म्हटलं, नाई. म्हणे, मंग जवळ ये ना, हात धर माह्या. मले भेव लागून राह्यलं. मी दारातच उभी राह्यली. गाडी येईपर्यंत दारातच. माणसाच्या हातानं काई होत नाई, हे मले तेव्हाबी माहीत होतं. पुस्तकात शिकली होती. पन नाई गेली मी."

तो गाडीतच गेला, असं त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. त्यानंतर त्या विषयावर त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत.

सात नंबर आला तो दिवाळीनंतरच्या एका दुपारी. लॅब्रेडोर, मोठा, पिवळट, गळ्यात पट्ट्याचा व्रण पण पट्टा नाही. बसस्टँडकडून चालत आमच्या गल्लीत आला. त्याचा खालचा जबडा लोंबत होता. तोंड मिटतच नव्हतं आणि लाळेची तार जमिनीपर्यंत लागली होती. तो सिस्टरच्या फाटकाशी येऊन बसला आणि शेपूट हलवू लागला. मी शाळेतून नुकताच आलो होतो. सिस्टरनी मला हाक मारली.

"हाड अडकलं दिसते," त्या म्हणाल्या. "मागं एकाले अडकलं होतं. वरच्या दाढायमध्ये आडवं. काढलं आन् एका मिनिटात बरा झाला. टॉर्च धरता काय?"

त्यांनी हातमोजे घातले. दार उघडं ठेवलं. शेपूट पाहिली. तोंडच मिटत नव्हतं, त्यामुळे पट्टी बांधता येत नव्हती. कुत्रं इतकं शांत होतं, की आम्ही दोघंही फसलो. मी टॉर्च धरली. त्यांनी बोटं आत घातली, वरच्या दाढांवरून फिरवली, टाळूवर फिरवली, जिभेच्या मुळाशी नेली. लाळ माझ्या मनगटावर ओघळली. सकाळीच फाटकाच्या तारेने तिथं खरचटलं होतं.

सिस्टरचा हात थांबला.

"हाड नाई," त्या अगदी हळू म्हणाल्या.

हात बाहेर काढला तेव्हा मोज्याचं एक बोट दाढेला लागून फाटलेलं होतं. बोटावर भाजी चिरतानाचा कालचा काप होता. त्यांनी तो बघितला, मग माझं मनगट बघितलं. मला कळेना. त्यांनी माझा दंड धरून मला नळापाशी नेलं, साबण हातात दिला.

"काय झालं?"

"बोलू नका. धुवा."

पंधरा मिनिटं आम्ही दोघांनी हात धुतले. त्या आतल्या बाजूचं घड्याळ माझ्याकडे वळवून उभ्या होत्या. मग सांगितलं. पिसाळलेलं कुत्रं नेहमी अंगावर धावतंच असं नाही. काहींचा आधी जबडा लुळा पडतो, लाळ गळते, आणि ती गरीब गायीसारखी वागतात. लोकांना वाटतं हाड अडकलं. लोक तोंडात हात घालतात.

"माह्यापायी तुमाले लागलं हे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं दुसऱ्यायले सांगत आली मी, तोंडात हात घालू नका म्हणून."

कुत्रं पायरीशी बसून आमच्याकडे बघत होतं. सिस्टरनी भाकरी दाखवत दाखवत त्याला मागच्या रिकाम्या न्हाणीत नेलं आणि बाहेरून कडी लावली. मग आम्ही रुग्णालयात गेलो. त्यांनी लस आधी घेतलेली होती, त्यांना दोनच इंजेक्शनं लागणार होती. मला सगळी लागणार होती, शिवाय मनगटात खरचटल्याभोवती सीरम. सुई आत शिरताना मी सिस्टरकडे पाहिलं, तर त्या माझ्यापेक्षा जास्त घाबरलेल्या होत्या.

पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर संध्याकाळी आले. खिडकीतून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "सांगता येत नाही. रेबीज असेल तर दहा दिवसांच्या आत मरेल. दहा दिवस जगलं तर नाही. तोवर कुणी आत जायचं नाही."

दुसऱ्या सकाळी फाटकावर माणसं आली. पुढे राऊतभाऊ होते, गल्लीच्या टोकाला त्यांचं किराणा दुकान. चौघांच्या हातात काठ्या होत्या.

"सिस्टर, काढा ते बाहेर. आमी पाहून घेतो."

सिस्टर फाटकाच्या आत उभ्या होत्या. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून.

"मारून काय होईन, भाऊ?"

"काय होईन म्हणजे? काल दुपारी आमच्या ओट्यापुढून गेलं ते. नात खेळत होती बाहेर."

सिस्टरचा आवाज बदलला. "पोरीनं हात लावला काय त्याले?"

राऊतभाऊंनी मागच्यांकडे पाहिलं. "बिस्कुट देलं म्हणे तिनं."

"हातानं? चाटलं काय?"

"तिची माय म्हणे, चाटलं असन."

"मंग काठी ठेवा आन् पोरीले घेऊन दवाखान्यात जा. आत्ता. मी चिठ्ठी देते. हात पाहा तिचे, कुठं कापलं-खरचटलं काय ते. आन् हे कुत्रं मारू नका. ते जितं राह्यलं दहा दिवस, तं पोरीले काई नाई, मले नाई, सरायले नाई. मारलं तं आपल्याले कोणालेच काई समजणार नाई."

राऊतभाऊंच्या हातातली काठी कशी कुणास ठाऊक भिंतीला टेकलेली राहिली आणि ते घराकडे जवळजवळ पळत गेले.

कोपऱ्यावर वेल्डिंगचं दुकान असलेले अशफाकभाई दुपारी लोखंडी जाळी घेऊन आले. न्हाणीचं दार लाकडी होतं, खालून कुजलेलं. "भेव तं मलेबी लागते, सिस्टर," ते म्हणाले. "घरी बायको म्हणते, त्या गल्लीत जाऊच नका. पन दरवाजा कच्चा राहू देत नाई मी." वेल्डिंगचा काळा मुखवटा त्यांनी काम संपल्यावरही उतरवला नाही.

मग ते दहा दिवस सुरू झाले.

कुत्र्याला भूक होती, तहान होती, पण तोंड मिटत नसल्याने गिळता येत नव्हतं. पाण्यात तोंड बुडवायचं आणि सगळं पाणी परत सांडायचं. पाण्याच्या वाडग्यासमोर ते तडफडताना पाहिलं की सिस्टर तोंड फिरवत. पिसाळलेलं आहे म्हणून पाणी जात नाही, की जबडा लुळा आहे म्हणून, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सलाईनची नळी लांब बांबूला बांधली, वर पातळ पेजेची बाटली टांगली आणि जाळीतून ती नळी त्याच्या जिभेच्या मुळाशी नेली. स्वतः बांबूच्या या टोकाला, भिंतीला पाठ लावून. थेंब थेंब. ते गिळत होतं. एका वेळेला तास जायचा. दिवसातून चारदा.

मी मदत करू का विचारलं तर म्हणाल्या, "तुमी तिकडंच थांबा. तुमच्या जवळ येण्यानं मले दुप्पट भेव लागते."

मी रोज सकाळी उठून पाण्याचा पेला हातात घ्यायचो आणि पहिला घोट घेताना गळ्याकडे लक्ष द्यायचो. आवळतो का. एवढ्या लवकर काही होत नाही, आणि इंजेक्शनं वेळेवर घेतली की होतच नाही, हे सिस्टरनी मला तीनदा समजावलं होतं. मला ते पटलंही होतं. तरी घोट घ्यायला भीती वाटायची. चौथ्या सकाळी भिंतीवरून पाहिलं, तर सिस्टर अंगणात उभ्या राहून तांब्याने पाणी पीत होत्या. सावकाश. एक घोट, मग थांबून, मग दुसरा. त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी तांब्या पुन्हा तोंडाला लावला.

पाचव्या दिवशी कुत्रं उठलंच नाही. नळी नेली तरी डोकं उचलेना. मी शाळेत गेलो पण तास घेता आला नाही, मुलांना वाचत बसा म्हणून सांगितलं आणि खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. दुपारी राऊतभाऊंची सून नातीला कडेवर घेऊन फाटकाशी आली होती, असं अशफाकभाईंनी सांगितलं. आत आली नाही. रस्त्यावरूनच विचारलं, "जितं हाये काय?" सिस्टर म्हणाल्या, "हाये." तेवढंच ऐकून परत गेली. ती रोज यायला लागली. रोज तेवढंच विचारायची.

सहाव्या दिवशी ते बसलं. सातव्या दिवशी बांबू दिसल्यावर उभं राहिलं. आठव्या दिवशी सिस्टरना वाटलं की त्याने जबडा जरासा हलवला, पण मला तसं दिसलं नाही आणि त्यांनीही कागदावर तसं लिहिलं नाही. "वाटलं ते लिहाचं नसते," त्या म्हणाल्या.

अकराव्या सकाळी डॉक्टर आले. कुत्रं जाळीला अंग घासत होतं. डॉक्टरांनी बराच वेळ पाहून सांगितलं, की जबड्याची नस सुजलेली असावी, असं क्वचित होतं, दोन-तीन आठवड्यांत आपोआप भरून येतं. तोवर कुणीतरी भरवायला हवं, एवढंच. मालकांनी पिसाळलं समजून सोडून दिलं असणार.

सिस्टर पायरीवर बसल्या. मी आणि डॉक्टरांनी त्यांना धरून खाटेवर नेलं. दोन तास त्या झोपल्या. मग उठून न्हाणीत गेल्या, दार मागे उघडं ठेवून, आणि त्याचा जबडा मऊ फडक्याने वर बांधून त्याला पहिल्यांदा हाताने भरवलं. तिसऱ्या आठवड्यात तो स्वतः पाणी प्यायला लागला. पुढे बरा होऊनही त्याला न्यायला कोणी आलं नाही.

राऊतभाऊंनी मात्र अर्ज दिला. त्यांना मी दोष देत नाही. "यावेळी वाचलो, सर," ते मला म्हणाले. "पुढल्या वेळेचं कोण सांगते?" नगरपंचायतीची माणसं आली आणि वस्तीत एवढी कुत्री चालणार नाहीत म्हणाली. सिस्टर भांडल्या नाहीत. अशफाकभाईंच्या भावाचं गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला टिनाचं शेड होतं, तिथे बाजा हलवल्या. त्यानंतर रोज सकाळी आणि संध्याकाळी त्या तिथे चालत जायच्या. मी कधी कधी सोबत जायचो. शेडची कडी काढण्याआधी त्या बाहेर मिनिटभर उभ्या राहायच्या, मोठा श्वास घ्यायच्या. हे पाहून एकदा न राहवून मी म्हणालो, "सोडून द्या ना सिस्टर. खूप केलंत." त्या म्हणाल्या, "एक नंबरच्या सुईची वेळ झाली," आणि कडी काढली.

पुढच्या वर्षी माझी बदली कळंबला झाली. पहिले काही महिने जाणं-येणं राहिलं, मग कमी झालं. हिवाळ्यात अशफाकभाईंचा फोन आला, की सिस्टर झोपेतच गेल्या, हृदय बंद पडलं. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. पॉमेरियन त्यांच्याआधी महिनाभर गेलं होतं. पाठ मोडलेल्याला डॉक्टरांनी दवाखान्याच्या आवारात ठेवून घेतलं. झटके येणारीला राऊतभाऊंच्या सुनेने नेलं, सासऱ्यांशी भांडून, असं ऐकलं. लॅब्रेडोर अशफाकभाईंच्या भावाकडे शेडवरच राहिला. बाकीच्यांचं काय झालं ते मला नीट कळलं नाही, आणि मी फार खोलात विचारलंही नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधी, मे महिन्यात. बाभुळगावात काम होतं, ते आटोपून यवतमाळच्या बसमध्ये खिडकीशी बसलो होतो. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बाभुळगाव सोडून बस थोडी पुढे आली आणि नालीत बसलेलं एक काळं कुत्रं दिसलं, मागचा पाय भलत्याच दिशेला वळलेला. आणि त्याच्यापासून हातभर लांब सिस्टर. डोक्यावर पदर, पायात स्लिपर, उन्हात उभ्या. कुणाची तरी वाट पाहत असाव्यात, डॉक्टरांची किंवा अशफाकभाईंच्या गाडीची. हातातली छत्री त्यांनी स्वतःवर धरलेली नव्हती. हात पूर्ण लांब करून ती कुत्र्यावर धरली होती. पावलं मात्र गावाच्या दिशेला वळलेली, पळायचं झालं तर पळता यावं अशी.

मी खिडकीतून हाक मारली. बसच्या आवाजात त्यांना ऐकू गेली नाही. मी मान वळवून मागे पाहत राहिलो. कुत्र्याने डोकं उचललं, तशा सिस्टर दोन पावलं मागे सरकल्या. मग तिथूनच कमरेत वाकून, हात आणखी ताणून, त्यांनी छत्री पुन्हा त्याच्यावर नेली.